पोचला असं मी लिहिणार नाही

जबलपूर शहरात असा एकच माणूस आहे, ज्याने आयुष्यात एकदाही 'ठीक आहे' हे उत्तर म्हणून मान्य केलेलं नाही. दूधवाल्याकडून नाही, डॉक्टरांकडून नाही, लग्नातल्या गुरुजींकडूनही नाही. हा माणूस म्हणजे तुमच्या आजोबांचे मित्र. मी त्यांना गेली कित्येक वर्षं भाऊजी म्हणत आले आहे, आणि तुम्ही दोघं लहानपणी त्यांना 'बाणवाले आजोबा' म्हणायचात. तुमची आई मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, ते थोडे विक्षिप्तच आहेत ना?" माझी हरकत फक्त त्या 'थोडे'ला आहे. भाऊजी पूर्ण विक्षिप्त आहेत, आणि या हिवाळ्यात त्यांच्या विक्षिप्तपणापुढे एका कंपनीला आपलं म्हणणं गिळावं लागलं. ती हकीकत तुम्हाला कोणाकडून तरी अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पहिल्यापासून कळावी.

भाऊजींनी जन्मभर सूचना लिहिल्या. आम्ही खमरियाला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ते दोन घरं सोडून राहायचे. आता महाराजपूरला स्वतःच्या घरात एकटेच असतात. नवीन यंत्र आलं की ते कसं सुरू करायचं, कुठला खटका आधी दाबायचा, काय दिसलं की हात मागे घ्यायचा, हे साध्या भाषेत कागदावर उतरवायचं, ही त्यांची नोकरी. असे किती कागद त्यांनी लिहिले असतील देव जाणे. भिंतीवर लागले, यंत्रांवर चिकटले, लोकांच्या पाठ झाले. पण एकावरही त्यांचं नाव कधी आलं नाही. खाली कागदाचा क्रमांक असे, तारीख असे आणि साहेबांची सही असे.

लिहिण्याची त्यांची पद्धतही निराळी. कागद झाला की ज्याला त्या कामातलं सगळ्यांत कमी कळतं अशा माणसाला ते शोधून आणत. त्याने मोठ्याने वाचायचं आणि वाचेल तसं करायचं. लिहिणाऱ्याने समोर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. वाचणाऱ्याचा हात जिथे अडेल तिथे कागद चुकला, माणूस नाही. आमच्या ओट्यावर भिंतीला 'चहा' नावाचा कागद अजून आहे ना, तो याच पद्धतीने तयार झालेला. मी माहेरी गेले होते तेव्हा तुमच्या आजोबांसाठी तो लिहिला होता. आजोबा सहाव्या पायरीवर अडले. 'उकळी आली की गॅस बारीक करा' असं लिहिलं होतं, पण दोन शेगड्यांपैकी कुठल्या शेगडीचा ते लिहिलं नव्हतं. आजोबांनी वरणाखालचा बारीक केला. चहा उतू चालला आणि भाऊजी समोर ओठ मिटून उभे. "अबे यार, बोल ना काही!" आजोबा ओरडले. भाऊजींनी चहा पूर्ण उतू जाऊ दिला, मग खिशातून पेन काढून सहावी पायरी दुरुस्त केली आणि स्वतःच ओटा पुसला.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या सूचनाही त्यांना बघवत नाहीत. देवळाबाहेर 'जूते यहाँ उतारें' अशी पाटी होती आणि चपला पार पायऱ्यांवर पसरलेल्या असायच्या. "यहाँ म्हणजे कुठं?" असं पुजाऱ्यांना विचारून भाऊजींनी लाल रंगाचा डबा आणला आणि पाटीखाली हातभर लांब बाण काढला. तुम्ही ठेवलेलं नाव तिथलं. भेडाघाटला तर त्यांनी कहर केला. नावेत मागच्या बाजूला, उंचावर, पाटी होती: 'नाव में खड़े न हों'. बसलेल्या माणसाला ती दिसणं शक्यच नव्हतं. भाऊजी भर धारेत उठून उभे राहिले. नाव डुलली, मी देवाचं नाव घेतलं, नावाडी ओरडला, "बाबूजी, बैठ जाइए! लिखा है ना!" भाऊजी म्हणाले, "वही पढ़ने के लिए तो उठा हूँ, भैया." काठाला लागल्यावर ती पाटी काढून समोरच्या फळीवर, बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठोकून घेतल्याशिवाय ते घाटाच्या पायऱ्या चढले नाहीत. आम्ही तासभर उन्हात.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे 'ठीक आहे' न चालणं. निरोप दिला की ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. तोवर निरोप पोचला असं ते धरत नाहीत. दूधवाल्याला सांगितलं, "भैया, कल दो नहीं, एक पैकेट." तो म्हणाला, "ठीक है, बाबूजी." "क्या ठीक है?" "जो आपने बोला." "मैंने क्या बोला?" आता तो दूधवाला गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत येतो, "कल एक, बाबूजी, एक!" माझ्या पुतणीच्या लग्नात गुरुजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली, ती भाऊजींनी मांडववाल्याकडून वदवून घेतली, बँडवाल्याकडून घेतली आणि शेवटी बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाकडून घेतली. बिचाऱ्याला वाटलं हा विधीचाच भाग आहे. त्याने हात जोडून म्हटली.

तर अशा माणसाला गेल्या वर्षाच्या शेवटी काम मिळालं, तेही कॉम्प्युटरचं. त्यांची भाची पुण्याच्या एका कंपनीत आहे. इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं, बोलायला गेली की हिंदी येते. त्या कंपनीत काय केलं होतं ते मी समजले तसं माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला पोचलंय का ते तुम्हाला कळेल. एआय एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला मदतनीस. एक काम सोपवलं की पुढची पावलं तो आपली आपण टाकतो. एक एजंट गाड्यांच्या वेळा बघतो, दुसरा पत्रांना उत्तरं देतो, तिसरा गोदामातल्या मालावर लक्ष ठेवतो. पण एकाला समजलेलं दुसऱ्याला सांगायला मध्ये माणूस लागायचा. या कंपनीने असं साधन केलं की एक एजंट दुसऱ्याला थेट निरोप पाठवेल. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची टपालपेटी. साधन तयार होतं. ते कसं वापरायचं हे सांगणारं पान मात्र कोणाला लिहिता येईना, कारण ज्यांनी ते केलं त्यांना सगळंच सोपं वाटत होतं. भाचीला मामाचा चहाचा कागद आठवला.

कंपनीने दोन लॅपटॉप पाठवले आणि भाऊजी शिकायला लागले. रोज भाचीला फोन. त्यांच्या घरी नेटवर्क येत नाही, म्हणून आमच्या घरून. "अच्छा, मला सांग, हा एजंट झोपतो का?" "मामा, वो सोता नहीं." "मग लॅपटॉप बंद केला तर काय करून राहतो?" "तब तो… बंद हो जाता है." "म्हणजे झोपतो. लिहून ठेवतो." कंपनीच्या कच्च्या पानात एजंटांची नावं अल्फा आणि बीटा होती आणि पाठवायचा निरोप होता 'हॅलो'. भाऊजींनी नावं बदलून खमरिया आणि महाराजपूर केली. "हॅलो नाही पोचलं तर कोणाचं काय बिघडते, वहिनी? ज्याच्यावाचून कोणाचं तरी अडते असा निरोप पाहिजे." म्हणून नवा निरोप झाला: उद्या पाणी येणार नाही, टाकी आज भरून ठेवा. पान इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे. मला सांगायला अभिमान वाटतो की मला फार काही तपासावं लागलं नाही. कारखान्यातल्या इंग्रजीत एक शब्द फुकट नसतो.

एक दिवस भाऊजी आले, बसले, मटाराच्या भावाबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले, पुन्हा मटारावर आले. मग चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, खाली नाव येते म्हणे."

"कुठे खाली?"

"त्या पानाच्या. लिहिणाऱ्याचं."

"म्हणजे तुझं?" आजोबांनी पेपर खाली केला.

"हो ना, यार." आणि त्यांनी पाकिटातून एक चिठ्ठी काढून दाखवली. वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव त्यांनी टाचणीसारख्या सुबक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, भाचीला कळवताना चूक नको म्हणून. ती चिठ्ठी त्यांनी मला दिली नाही, नुसती दाखवली आणि परत ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी मागितलं नाही, पण हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पान झाल्यावर परीक्षा आलीच, आणि सगळ्यांत कमी कळणारी व्यक्ती म्हणून माझी निवड झाली. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, शिस्तीत शिकवलं, आणि माझी ही पदवी! पण बसले. आमच्या अंगणात ऊन होतं, दोन खुर्च्यांवर दोन लॅपटॉप, मांडीवर मटाराची टोपली. मी मोठ्याने वाचत होते, करत होते आणि मध्येच शेंगा सोलत होते. भाऊजी मफलर गुंडाळून भिंतीला टेकून उभे, ओठ मिटलेले. खमरियाला नाव दिलं, महाराजपूरला नाव दिलं, दोघं सुरू झाले. चौथ्या पायरीत लिहिलं होतं, 'आता पहिल्या कॉम्प्युटरकडे या'. दुसऱ्याचं काम संपलेलं दिसत होतं. संपलेली वस्तू मिटून ठेवावी हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि न मिटण्याबद्दल पानात काहीच नव्हतं. मी दुसरा लॅपटॉप मिटला, आणि जागा सपाट दिसली म्हणून त्यावर टोपली ठेवली. मग खमरियाकडून महाराजपूरला पाण्याचा निरोप पाठवला. पडद्यावर लगेच हिरव्या अक्षरांत उमटलं: 'डिलिव्हर्ड'. म्हणजे पोचला.

भाऊजींनी मफलरचं टोक तोंडात धरलं होतं. आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले, "पोचला म्हणते. मटरच्या टोपल्याखाली पोचला." मग माझ्याकडे वळून, "तू तिथं मशीन काहून झाकली?" मी म्हटलं, "न झाकायचं कुठे लिहिलंय?" चहा झाला, दाणे निवडून झाले, तेव्हा टोपली उचलून मी लॅपटॉप उघडला. महाराजपूरची पेटी रिकामी होती. निरोप आलाच नव्हता. खमरिया मात्र अजूनही हिरव्या अक्षरांत सांगत होता की पोचला.

त्या संध्याकाळी भाचीकडून खुलासा झाला. निरोप पेटीत पडला की साधन 'डिलिव्हर्ड' दाखवतं. समोरचा एजंट बंद असेल आणि त्याने थोड्या वेळात तो उचलला नाही तर निरोप पुसला जातो, आणि पाठवणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. भाऊजींनी पानात लाल चौकट आखली आणि लिहिलं: 'डिलिव्हर्ड दिसलं म्हणजे निरोप पेटीत पडला, एवढंच समजा. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत तो पोचला असं धरू नका. समोरचा बंद असेल तर निरोप नाहीसा होतो.' मी त्यात एक स्वल्पविरामही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आणि तिचे साहेब आमच्या लॅपटॉपवर दिसू लागले. साहेब तरुण, गोड बोलणारे. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने बाजूला बसले होते. आजोबा येतील अशा बेताने बसले होते.

"अंकल जी, बहुत बढ़िया लिखा है," साहेब म्हणाले. "बस वो लाल बॉक्स हटा दीजिए."

"क्यों, बेटा?"

"लोग डर जाएँगे. और वो हम आगे चलकर ठीक करने वाले हैं."

"जब ठीक हो जाएगा, तब हटा देंगे. कल तो मैसेज मटर के नीचे पड़ा था और आपकी मशीन बोल रही थी, पहुँच गया."

"मटर?" साहेब भाचीकडे बघू लागले.

"लंबी कहानी है, सर," ती म्हणाली. मग हळूच, "मामा, प्लीज. एक लाइन की तो बात है."

साहेबांचा आवाज अजूनही गोडच होता. त्यांनी सांगितलं की चौकट राहणार असेल तर पान दुसऱ्या कोणाकडून पुरं करून घ्यावं लागेल, आणि मग नियमाप्रमाणे खाली नावही त्याचंच जाईल. भाऊजींचा हात खिशाकडे गेला, पाकिटाच्या खिशाकडे. तिथे तो थोडा वेळ राहिला. मला वाटलं, आता ते नमतील. आणि खरं सांगते, नमावं असंही क्षणभर वाटलं.

"मेरा नाम मत लिखिए," भाऊजी म्हणाले. "लेकिन 'पहुँच गया' मैं नहीं लिखूँगा. जो पहुँचा नहीं, उसको पहुँचा नहीं लिखूँगा. अच्छा, चलो. अब आप बताइए, मैंने क्या कहा?"

"जी, ठीक है, अंकल."

"ठीक है नहीं. मैंने क्या कहा?"

भाचीने मान खाली घातली होती, पण ती हसते आहे हे मला दिसत होतं.

"आपने कहा…" साहेब चाचरले, "कि नाम नहीं चाहिए. 'डिलिव्हर्ड' को पहुँचा हुआ नहीं मानेंगे. क्योंकि मैसेज… पहुँचा नहीं था."

"हाँ," भाऊजी म्हणाले. "अब पहुँचा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लॅपटॉप मिटला.

मी चहा ठेवला आणि न राहवून म्हटलं, "भाऊजी, एका ओळीसाठी एवढं? नाव आलं असतं हो." त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत आजोबांनाही सांगितलं नव्हतं. जबलपूरला येण्याआधी, अगदी पोरवयात, ते दुसऱ्या गावी एका लहानशा खासगी कारखान्यात होते. तिथल्या एका प्रेसची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्राची, कमान म्हणजे स्प्रिंग तुटली होती. सकाळच्या पाळीने ती प्रेस चालवू नये अशी चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. चिठ्ठी फोरमनच्या टेबलापर्यंत गेली, वहीत 'पोचली' असं लिहिलं गेलं आणि ती चहाच्या कपाखाली राहिली. सकाळी माणूस आला, त्याने प्रेस चालवली आणि त्याची दोन बोटं गेली. "मी त्याला भेटायला गेलो, वहिनी. वही घेऊन गेलो होतो, दाखवायला. वहीत लिहिलं होतं ना. त्यानं वही पाहिलीच नाही. म्हणे, 'वो सब ठीक है बाबू, मुझको किसने बोला था?'" चहा तसाच निवत राहिला. आजोबांनी उठून त्यांचा कप त्यांच्या हातात दिला, आणि चहाच्या कागदात न लिहिलेली ही पायरी त्यांना बरोबर जमली.

तीन आठवड्यांनी भाचीचा फोन आला. पान कंपनीच्या वेबसाइटवर आलं होतं. साहेबांनी त्या दिवसानंतर स्वतः सहकाऱ्याचा लॅपटॉप मिटून निरोप पाठवून बघितला होता. लाल चौकट जशीच्या तशी होती, शब्द न् शब्द. पण पान तोवर दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेलं, आणि खाली त्याचं नाव. "मामा, मैं लड़ूँगी," ती रडकुंडीला आली होती. "काहून?" भाऊजी म्हणाले. "ओळ आली ना? बस."

माझं मात्र 'बस' होईना. मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक घालून, दोन पानं. मिनिटभरात उत्तर आलं: आपला संदेश आम्हाला मिळाला आहे. त्याउपर आजतागायत काही नाही. भाऊजींना दाखवलं तर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "वहिनी, मटरखाली गेलं!"

मग मी ठरवलं की ज्यांना नाव छापायचं नाही त्यांनी छापू नये. मी ते पान कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं, खालचं नाव कात्रीने सरळ रेषेत कापून टाकलं आणि तिथे माझ्या हाताने, शाईच्या पेनने, भाऊजींचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ती चिठ्ठी मी एकदाच बघितली होती, पण मला पुरली. मग पान ओट्यावर, चहाच्या शेजारी चिकटवलं. भाऊजी आले, त्यांच्या सवयीने पहिल्या पायरीपासून मोठ्याने वाचू लागले. नाव द्या, सुरू करा, पाठवा, लाल चौकट. शेवटच्या ओळीपाशी अडले. वाचणारा जिथे अडतो तिथे कागद चुकलेला असतो, हा त्यांचाच नियम. मी वाट बघत होते. पण त्यांनी पेन काढलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "पोरांना कळवलं का हे सगळं?" पोरं म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, हो तर, पान चिकटवलं त्याच दिवशी त्याचा फोटो पाठवला, आणि त्यांना फोनवरच्या दोन करड्या खुणा दाखवल्या. "पोचलं म्हणतंय."

भाऊजींनी चष्मा वर करून फोन जवळ घेतला. "हे तर मशीन म्हणून राहिलं, वहिनी," ते म्हणाले. "पोरं काय म्हणतात?"

मी फोन पालथा ठेवला आणि कागद घेऊन हे लिहायला बसले. ते अजून समोरच बसले आहेत.